दोन याद्या, एकच नाव: लक्षद्वीपचं कोडं सातपुड्याच्या पायथ्याशी

मी दर रविवारी भुसावळच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवायला जातो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं वहीतली दोन पानं माझ्यासमोर धरली. एका पानावर २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचं प्रमाण सर्वांत जास्त कुठं आहे त्याची यादी होती. पहिलं नाव लक्षद्वीप, ९४.८ टक्के. दुसऱ्या पानावर मुसलमानांचं प्रमाण सर्वांत जास्त कुठं, त्याची यादी. तिथंही पहिलं नाव लक्षद्वीपच, ९६.५८ टक्के. ती म्हणाली, "सर, यातली एक यादी चुकून छापली आहे ना?"

तिच्या मागच्या बाकावर यावल तालुक्यातला एक मुलगा बसतो. आडनाव तडवी. तो हळूच म्हणाला, "सर, मी पण दोन्ही आहे."

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, त्यावरून मालदीवशी वाद पेटला आणि आपल्याकडे घरोघर "एकदा तिकडे जाऊन यायला पाहिजे" सुरू झालं. निळं पाणी सगळ्यांनी पाहिलं. तिथली माणसं कोण, ती मुसलमान कधी झाली, आदिवासी कशी ठरली आणि त्यांच्यात घर आईकडून लेकीकडे कसं जातं, याचा मात्र घोळ अजून आहे. त्या दिवशी वर्गाचे दीड तास यातच गेले. तेच इथं जरा सावकाश लिहितो.

बेटं म्हणजे केवढी?

लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं. वस्ती फक्त १० बेटांवर: कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कडमत, किलतान, चेतलात, बित्रा, अंद्रोत, कल्पेनी आणि सगळ्यांत दक्षिणेला मिनिकॉय. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या काही मोठ्या गावांची शिवारं एकत्र केली की तेवढी भरते. २०११ साली माणसं होती ६४,४७३. केरळच्या किनाऱ्यापासून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटरवर.

ही बेटं प्रवाळाची आहेत. प्रवाळ म्हणजे समुद्रातल्या बारीक जिवांच्या सांगाड्यांचा खडक. त्यावर वाळू साठली, वाळूत नारळ रुजला. नदी नाही, डोंगर नाही, काळी माती तर नाहीच. बेटाच्या एका अंगाला प्रवाळाचा बांध असतो आणि त्याच्या आत उथळ, शांत पाणी. फोटोत दिसतं ते निळं पाणी हेच.

इथं भात पिकत नाही. खायचं काय, तर मासे आणि नारळ. तांदूळ पाहिजे असेल तर दर्या ओलांडायचा. बेटांचा सगळा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो.

धर्म कुठल्या वाऱ्यानं आला

आपण जूनमध्ये आभाळाकडे बघतो ते नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी. त्याला आपण मोसमी वारा म्हणतो. 'मोसमी' हा शब्दच अरबी 'मौसिम'वरून आला, म्हणजे ठरलेला हंगाम. कपाशी पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा वारा पाऊस म्हणून माहीत. अरबी खलाशाला तो रस्ता म्हणून माहीत होता. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाचा जोर ओसरताना तो अरबस्तानातून शीड उभारायचा आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागायचा. परतीचा वारा थंडीत, ईशान्येकडून. ऐन पावसाळ्यात शिडाची जहाजं दर्यात उतरतच नसत. लक्षद्वीपमध्ये आजही साधारण १५ मे ते १५ सप्टेंबर हा खवळलेल्या समुद्राचा काळ म्हणून धरतात.

मग मधले महिने हा व्यापारी काय करायचा? बंदरात थांबायचा. कोणी पुढचा हंगाम येईपर्यंत थांबला, कोणी लग्न केलं, कोणी तिथलाच झाला. मलबारच्या मुसलमानांना 'मापिल्ला' म्हणतात, आणि या शब्दाचा एक अर्थ जावई असा सांगतात. मला हा शब्द फार बोलका वाटतो. समुद्रावरून आलेला माणूस जावई म्हणून घरात शिरला. सासर त्याचं झालं, पण घर बायकोच्या आईचंच राहिलं.

वाटेचा हा फरक आपल्याच महाराष्ट्रात दिसतो. सुन्नी मुसलमानांत इस्लामी कायद्याचा अर्थ लावणाऱ्या चार जुन्या परंपरा आहेत. त्यांना मजहब म्हणतात. खानदेशातले सुन्नी मुसलमान बहुतेक हनफी मजहबाचे. मध्य आशियातून दिल्ली, दिल्लीतून दख्खन, अशा जमिनीच्या वाटेनं तो आला. कोकणातला मुसलमान मात्र शाफई. केरळ शाफई, लक्षद्वीप शाफई, पुढं इंडोनेशिया आणि पूर्व आफ्रिकेचा किनाराही शाफई. घाटाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, एकाच राज्यातले. पण एकाचा धर्म घोड्यावरून आला, दुसऱ्याचा गलबतातून.

या दोन्ही वाटा चाललेला एक माणूस आपल्या नंदुरबारहून गेला आहे. इब्न बतूता, मोरोक्कोतल्या टँजियरचा. मुहम्मद तुघलकाचा दूत म्हणून तो १३४२ साली दिल्लीहून चीनला जायला निघाला. दौलताबादेहून नंदुरबार, तिथून खंबायत, मग जहाजानं कालिकत. नंदुरबारचे मराठे हुन्नरी आहेत, भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढं तो मालदीवला पोचला आणि तिथं काझी, म्हणजे न्यायाधीश झाला. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

उबैदुल्लांची गोष्ट

बेटांवर कोणालाही विचारा, इस्लाम कसा आला, तर एकच गोष्ट ऐकायला मिळते. हजरत उबैदुल्ला नावाचे संत मक्केत प्रार्थना करता करता झोपी गेले. स्वप्नात पैगंबरांनी सांगितलं की जेद्द्याला जा, जहाज धर आणि दूरच्या मुलखात जा. वादळात जहाज फुटलं. फळीवर तरंगत ते अमिनी बेटाला लागले. गावचा मुखिया चिडला, त्यांना जीवे मारायचं ठरलं. पण बेटावरच्या एका तरुणीनं त्यांना साथ दिली. तिचं नाव हमीदत बीबी ठेवलं गेलं, दोघांचं लग्न झालं. पुढं ते अंद्रोतला गेले आणि तिथं लोकांनी धर्म स्वीकारला. कबरही अंद्रोतलाच आहे आणि तिला मोठा मान आहे. परंपरा हा काळ सातव्या शतकातला मानते.

इतिहासाचे अभ्यासक इतक्या जुन्या काळाबद्दल साशंक आहेत. त्यांचा कल असा, की बेटांवर मलबारहून आलेले लोक आधीपासून राहत होते, त्यांच्यात हिंदू समाजासारख्या चालीरीती होत्या, आणि अरबी व्यापाऱ्यांच्या व मलबारच्या मुसलमानांच्या संबंधातून हा बदल काही शतकांत हळूहळू झाला. मला दोन्हींत भांडण दिसत नाही. आपल्याकडेही गावोगाव पीरबाबांच्या आणि कानबाईच्या गोष्टी आहेत. त्या तारीख सांगत नाहीत, गाव स्वतःला काय समजतं ते सांगतात. उबैदुल्लांच्या गोष्टीत काय आहे ते बघा. फौज नाही, खजिना नाही. फळीवरून आलेला एक भिजलेला माणूस आहे आणि त्याला आसरा देणारी बेटावरची मुलगी आहे.

"पण तलवारीशिवाय कोणी धर्म बदलतं का?"

हा प्रश्न वर्गात आलाच. खानदेशातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर थाळनेर आणि अशीरगड असतात. १३८२ मध्ये मलिक राजानं तापीकाठी थाळनेरला फारुकी घराण्याची गादी मांडली. त्याच्या मुलानं अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. १६०१ मध्ये अकबरानं तो गड जिंकला. राजे, किल्ले, वेढे असा आपला इतिहास. त्यामुळे धर्म म्हटला की आपल्याला आधी फौज आठवते.

बेटांवर फौज न्यायची कशासाठी? लुटायला नारळ. जो येत होता तो व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याला गिऱ्हाईक जिवंत आणि खूश हवं असतं. बेटांवर सत्ता आली ती नंतर. आधी मलबारचे कोलत्तिरी राजे, मग सोळाव्या शतकात कन्नूरचं अरक्कल घराणं. हे केरळातलं एकमेव मुसलमान राजघराणं. तलवारीची खरी आठवण बेटांवर आहे ती पोर्तुगीजांची. त्यांना जहाजांसाठी काथ्या हवा होता. अमिनीच्या लोकांनी त्यांना विष घालून संपवलं, अशी कथा तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

आणि आपला इतिहास तरी नुसता फौजेचा कुठं आहे? भुसावळहून तासाभराची गाडी धरून बुऱ्हाणपूरला जा. तिथल्या जामा मशिदीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानानं बांधलेल्या, अरबी लेखाबरोबर देवनागरी अक्षरांतला संस्कृत शिलालेख आहे. त्यात सुलतानाच्या घराण्याची वंशावळ आहे आणि बांधकामाचा काळ शके, संवत्सर, तिथी आणि नक्षत्रासकट दिला आहे. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा आतून हललो होतो. मशीद अल्लाहची, मुहूर्ताची भाषा इथली. ज्या गवंड्यानं ती अक्षरं कोरली त्याला यात काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आखाजीला आणायला कोणी जात नाही

आता खरा गुंता. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की भाऊ बहिणीला आणायला जातो. लेक माहेरी येते, झोका बांधतात, चार दिवस तिचे. पाचव्या दिवशी डोळे पुसत सासरी. मी मुलींना म्हणालो, असं गाव डोळ्यांपुढं आणा जिथं बाई माहेर सोडून जातच नाही.

लक्षद्वीपच्या जुन्या रीतीत लग्न झालं तरी मुलगी आईच्याच घरी राहते. नवरा आपल्या आईच्या घरी. रात्री जेवणखाण आटोपलं की तो बायकोच्या घरी जातो, सकाळी परत येतो. मुलं आईच्या घरात वाढतात, त्यांचं घराणं आईचं. आजी, तिच्या मुली, मुलींच्या मुली आणि या सगळ्यांचे भाऊ, असं जे एक मोठं घर होतं त्याला 'तरवाड' म्हणतात. अशा रीतीला मातृवंशीय रीत म्हणायचं: कूळ, नाव आणि वडिलोपार्जित मालमत्ता आईकडून चालते. केरळात नायर लोकांतही हीच पद्धत होती. बेटांवरचे लोक मलबारहून आले, येताना हे घर बरोबर घेऊन आले, आणि धर्म बदलला तेव्हाही घर तेच राहिलं. लीला दुबे या मानववंशशास्त्रज्ञांनी कल्पेनी बेटाच्या या रीतीवर केलेला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि इस्लाम व मातृवंश एका छपराखाली कसे राहतात हा प्रश्न जगापुढं आला.

ही रीत तिथं का टिकली, याचं एक उत्तर मला काथ्यात दिसतं. माझी आजी यावलकडच्या एका खेड्यात अंबाडी भिजत घालायची. ओढ्यात पेंढ्या दाबून ठेवायच्या, वर दगड. काही दिवसांनी असा वास सुटायचा की आम्ही पोरं नाक धरून पळायचो. मग ती पेंढ्या काढायची, सोलायची, धुवायची. पांढरा वाख हाती यायचा आणि मांडीवर वळून दोर व्हायचा. बेटावरच्या बायका हेच करत आल्या, फक्त नारळाच्या सोडणांवर. बांधाच्या आतल्या उथळ पाण्यात वाळूखाली सोडणं पुरायची, आपल्या अंबाडीसारखी थोडे दिवस नव्हे, कित्येक महिने. कुजली की काढून बडवायची, धागे मोकळे करायचे आणि तळहातावर वळायचे. या काथ्यानं फळ्या शिवून 'ओडम' नावाची शिडाची होडी बनायची, एक खिळा न मारता. आणि हाच काथ्या किनाऱ्यावर जाऊन त्याच्या बदल्यात तांदूळ यायचा. अरक्कलच्या राजांनी तर काथ्याचा मक्ताच आपल्या हाती ठेवला होता.

पुरुष महिनोन्‌महिने दर्यावर. परत येईल की नाही याची खात्री नाही. घरात राहणारी, तांदळाची किंमत आपल्या तळहातावर वळणारी बाई. घर तिच्याभोवती राहिलं यात मला नवल वाटत नाही.

शुक्रवारची मालमत्ता, सोमवारची मालमत्ता

"सर, पण शरियतमध्ये तर बापाकडून वाटणी होते ना?" बरोबर. इस्लामी वारसा कायद्यात बायको, मुलगे, मुली, आईवडील यांचे हिस्से ठरलेले आहेत. मग बेटांवर दोन्ही कसं जमतं? त्यांनी मालमत्तेचेच दोन भाग पाडले.

पहिली 'वेळ्ळियाळ्चा', म्हणजे शुक्रवारची. ही तरवाडाची, पिढीजात. नारळाची बाग, घर, जमीन. कोणा एकट्याला विकता येत नाही. पुरुषाला हयात असेपर्यंत तिच्यातून खाता येतं, पण त्याच्या मुलांना तिच्यातलं काही जात नाही. ते त्याच्या बहिणींच्या मुलांकडे जातं. दुसरी 'तिंगळाळ्चा', सोमवारची. ही स्वतः कमावलेली. ती इस्लामी कायद्यानं वाटली जाते, किंवा हयातीतच बक्षीस देता येते.

मी फळ्यावर गणित मांडलं. कल्पेनीचा एक खलाशी वारला. तरवाडाच्या बागेत त्याचा वाटा होता आणि स्वतःच्या कमाईनं घेतलेली एक होडी होती. मागं बायको, दोन मुलगे, एक मुलगी, आणि एक बहीण तिच्या तीन लेकरांसह. आईवडील आधीच गेलेले. कोणाला काय?

मुलांनी पाच मिनिटांत सोडवलं. बाग बहिणीकडे आणि तिच्या लेकरांकडे. होडीच्या किमतीत बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलग्याला दोन भाग तर मुलीला एक. मग एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पोरांना बापाच्या बागेतलं काहीच नाही?" मी काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरची म्हणाली, "त्यांना त्यांच्या आईच्या बागेतलं आहे की."

"मग हे खरे मुसलमान कसे?"

हा आक्षेप दोन्हीकडून येतो. बाहेरचा म्हणतो, हे तर अर्धे हिंदूच. मुसलमानांतला कडवा म्हणतो, यांनी शरियत मोडली. दोघांनाही वाटतं की धर्म म्हणजे नवं घर, जुनं पाडूनच बांधायचं.

इस्लामी न्यायशास्त्रात 'उर्फ' नावाची एक कल्पना आहे. लोकांत रूढ असलेली, सर्वांना ठाऊक असलेली चाल. धर्माच्या मूळ तत्त्वाला धक्का लागत नसेल तर तिला न्यायनिवाड्यात जागा मिळते. हा शब्द आपण रोज वापरतो: अमुक 'उर्फ' तमुक. सातबाऱ्यावर एक नाव, पण गाव ज्या नावानं हाक मारतं ते उर्फच्या पुढं. मूळ शब्द तोच. बेटांवर मातृवंशाची रीत किती उर्फमध्ये बसते आणि किती नाही, यावर मौलवींमध्ये वाद झाले आहेत, कोर्टातही खटले गेले आहेत. पण नमाज, रोजे, जकात, शुक्रवारची मशीद यांत हे लोक कुठं कमी नाहीत. छोट्याशा कवरत्तीवर मशिदीच मशिदी आहेत. त्यांतल्या उज्रा मशिदीचं लाकडी छत कोरीव कामानं भरलेलं आहे, आणि ते समुद्रातून वाहत आलेल्या एका ओंडक्यातून कोरलं असं लोक सांगतात. संतांच्या नावानं डफाच्या ठेक्यावर 'रातीब' गातात. त्यांच्या मनात घर आणि मशीद यांची फारकत नाही.

इब्न बतूताकडे परत येऊ. मालदीव बाराव्या शतकापर्यंत बौद्ध होतं. ११५३ मध्ये तिथल्या राजानं इस्लाम स्वीकारला असं मानतात. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये तिथं काझी होता. लोक धार्मिक आहेत, सज्जन आहेत, स्वच्छ आहेत असं तो कौतुकानं लिहितो. पण बायका कमरेच्या वर वस्त्र घेत नाहीत हे त्याला रुचेना. त्यानं हुकूम काढले. काही चाललं नाही. शेवटी एवढंच जमलं की त्याच्या कचेरीत फिर्याद घेऊन येणारी बाई अंग झाकून येई. त्याच्याच वर्णनात त्या वेळी गादीवर खदीजा नावाची राणी होती. मक्केला जाऊन आलेला, दिल्लीत न्यायदान केलेला हा विद्वान, आणि बेटावरच्या बायका त्याचं ऐकेनात.

असं फक्त हिंदी महासागराच्या या कोपऱ्यात झालं असंही नाही. आफ्रिकेजवळच्या कोमोरोस बेटांत लोक शाफई मुसलमान आहेत आणि मोठ्या बेटावर घर आजही लेकीसाठी बांधतात. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात तर घरजमीन आईकडूनच चालते, आणि तो जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय मुसलमान समाज मानला जातो.

"म्हणजे तिथं बायकांचं राज्य आहे?"

नाही. मातृवंश म्हणजे बायकांची सत्ता असा अर्थ काढू नका. तरवाडाचा कारभार पाहतो तो घरातला सर्वांत मोठा पुरुष, 'कारणवर', बहुधा आईचा भाऊ. आपल्याकडे लग्नात मामा मुलीला बोहल्यावर आणतो, तेवढ्यापुरता त्याचा मान. तिथं मामा हाच घराचा कर्ता. नारळ किती विकायचे, कोणाला किती द्यायचं हे तो ठरवतो. तरीही बाईच्या पायाखालची जमीन पक्की असते. तलाक झाला तर नवऱ्याचं येणं थांबतं, बाई कुठंच जात नाही. खानदेशातल्या किती लेकींना हे सांगता येईल?

बेटांवर उच्चनीचताही आहे. कोया म्हणजे जमीन आणि होड्या बाळगणारे, मालमी म्हणजे होड्या हाकणारे, मेलाच्चेरी म्हणजे नारळावर चढणारे. तिघंही मुसलमान, एकाच रांगेत नमाज पढणारे, पण लग्नं बहुतकरून आपापल्या गटात. समानता सांगणारा धर्म आला तरी नारळाच्या झाडावर कोणी चढायचं हे जुन्याच हिशोबानं ठरत राहिलं. मला हे लपवावंसं वाटत नाही.

मिनिकॉयची तऱ्हा आणखी वेगळी. तिथली भाषा मलयाळमच्या जवळची नाही, मालदीवच्या धिवेहीची बहीण. तिला महल म्हणतात आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. तिथल्या वस्त्यांत पुरुषांचा मुखिया वेगळा, बायकांची मुखिया वेगळी.

मग आदिवासी कसे?

आता त्या दोन याद्या. आपल्याकडे सर्रास समज आहे की सवलतीचा संबंध हिंदू असण्याशी आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत धर्माची अट खरोखर आहे: १९५० च्या आदेशात फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. अनुसूचित जमातींना मात्र अशी अट नाही. तिथं पाहतात तो समाज, त्याचं वेगळेपण, त्याचं एकाकी आणि मागास राहणं. म्हणून मिझोराममधला ख्रिस्ती, मेळघाटातला कोरकू आणि कवरत्तीचा मुसलमान एकाच यादीत बसतात.

लक्षद्वीपसाठी १९५१ च्या आदेशात जमातीचं नावसुद्धा नाही. जो स्वतः आणि ज्याचे आईबाप दोघंही या बेटांवर जन्मले, तो अनुसूचित जमातीचा. २००८ च्या दुरुस्तीनं बेटकऱ्यांची मुख्य भूमीवर जन्मलेली मुलंही, ती बेटांवर कायमची राहिली तर, यात आली. एवढंच. कोचीहून नोकरीला येऊन राहिलेला मुसलमान तिथं आदिवासी ठरत नाही. म्हणजे सवलत मिळाली ती बेटाला, मशिदीला नाही. आजही बाहेरच्या भारतीयाला तिथं जायला परवाना लागतो, तो याच एकाकीपणाच्या रक्षणासाठी.

हे सांगून झाल्यावर मी मागच्या बाकाकडे पाहिलं. महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीत 'तडवी भिल्ल' हे नाव आहे. यावल, रावेर, चोपडा, सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा, तिथले तडवी मुसलमान आहेत. (नंदुरबारकडचे तडवी वेगळे, ते मुसलमान नाहीत; आडनावावरून घोटाळा करू नका.) मी त्याला म्हटलं, तुझ्या घरचं तूच सांग. तो उभा राहिला. "काझी निकाह लावतो. त्याच्या आधी हळद लागते. आजी आमच्या बोलीत गाणी म्हणते. तिला अरबी येत नाही, पण ती रोज नमाज पढते. गावात आम्हाला भिल्ल पण म्हणतात, मुसलमान पण म्हणतात. शाळेचा फॉर्म भरताना मात्र दर वेळी कारकून विचारतो, नक्की काय लिहू?"

त्या मुलीनं मागं वळून विचारलं, "मग तू काय सांगतोस?"

"जे आहे ते. दोन्ही."

आता काय बदलतंय

केरळात हिंदूंसाठी तरवाडाची पद्धत कायद्यानं १९७६ पासून संपली. बेटांवर ती चालू राहिली, पण सैल होते आहे. सरकारी नोकऱ्या आल्या, पगार आला, आणि पगार म्हणजे सोमवारची मालमत्ता. नवराबायको आपलं वेगळं घर बांधू लागले. रात्रीच्या जेवणानंतर कंदील घेऊन बायकोच्या घरी निघणारा नवरा आता आजोबांच्या आठवणीत जास्त सापडतो. काथ्या वळणाऱ्या हातांना आता दुसरी कामं आहेत. शिकलेल्या मुली नोकरी करतात. २०११ लाच साक्षरता जवळपास ९२ टक्के होती. तरुण पोरं शिक्षणाला कोची, कालिकतला असतात.

शेवटी मी आणखी एक गणित दिलं. एका शिक्षकानं पगारातून, म्हणजे सोमवारच्या पैशातून, घर बांधलं. जागा मात्र बायकोच्या तरवाडाची, म्हणजे शुक्रवारची. तो वारला. घर कोणाचं?

अर्धा वर्ग म्हणाला त्याच्या बायकोमुलांचं. काही म्हणाले, जमीन तरवाडाची तर घरही तरवाडाचं. कोणी म्हणालं विटा मोजून वाटा. यावलचा मुलगा आणि ती मुलगी एका बाजूला होते, बाकीचे दुसऱ्या. साडेबाराला अभ्यासिकेचा शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा राहिला, तरी त्यांचं चालूच होतं.